भाडेकरू करार मोडून मध्येच चाललाय, काय करू?

पहिलटकर_मालक

मंडळी सल्ला हवाय. घर पहिल्यांदाच भाड्याने दिलंय त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

करार 12 महिन्यांचा, त्यात 9 महिने लॉक-इन, त्यानंतर सोडायचं तर 1 महिन्याची नोटीस. डिपॉझिट 2 महिन्यांच्या भाड्याइतकं घेतलंय. मुलगा तसा सरळ, चार महिने भाडं तारखेला यायचं, शेजारच्यांचीही तक्रार नाही. पाचवा महिना चालू आहे आणि परवा रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप आलं, की सर कामाची जागा बदलली, महिनाअखेरीस घर सोडतोय, या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या आणि उरलेलं ट्रान्सफर करा. खाली हात जोडलेले दोन इमोजी. बस. फोन नाही काही नाही, जणू काय दूधवाल्याला सांगतोय उद्यापासून नको म्हणून.

मला रात्रभर झोप नाही. घराच्या कर्जाचा हप्ता याच भाड्यातून जातो. करारावर सही केलीय ना त्याने, मग उरलेल्या 4 महिन्यांच्या लॉक-इनचं भाडं मागू शकतो का? निदान अख्खं डिपॉझिट तरी ठेवून घेऊ? तो म्हणतो त्याचा एक मित्र लगेच राहायला यायला तयार आहे, पण त्या मित्राला मी ओळखत नाही. शिवाय बाथरूमचा नळ तुटलाय आणि भिंतीला सहा-सात भोकं पाडलीत. मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही, काय लिहावं तेच कळेना.

रोखठोक

डिपॉझिट जप्त, विषय संपला. वर 4 महिन्यांचं भाडं मागा, नाही दिलं तर सामान आत ठेवून कुलूप बदला, दोन दिवसात पैसे येतात की नाही बघा. सरळ बोटाने तूप निघत नाही.

दोन_खोल्या

रोखठोक भाऊ, तुमच्या सल्ल्याने हा माणूस फिर्यादीचा आरोपी होईल. त्याचं सामान आत असताना कुलूप बदलणं किंवा वीज पाणी तोडणं हे चुकूनही करू नका. आज करार त्याने मोडलाय, चूक त्याची आहे, हे तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. कुलूप बदललंत की भांडवल गेलं, उलट तोच तुमच्यावर तक्रार करणार आणि ती ऐकलीही जाणार.

आता पहिलटकर, तुमच्यासाठी. मी बरीच वर्षं दोन ठिकाणं भाड्याने देतेय, मध्येच सोडून गेलेले तीन जण बघितलेत, त्यातला पहिला अनुभव अगदी तुमच्यासारखाच आणि मी तेव्हा सगळं चुकीचं केलं होतं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी मेसेजला उत्तर द्या, आजच. राग बाजूला ठेवून एवढंच लिहा की तुमचा निरोप मिळाला, करारात 9 महिन्यांचा लॉक-इन आहे, तो पूर्ण न करता तुम्ही जाताय, घर अमुक तारखेला रिकामं करणार हे मेल किंवा पत्राने सहीनिशी कळवा, हिशोब घर बघून झाल्यावर करू. "ओके" किंवा "ठीक आहे" एवढंच लिहू नका हो. मी लिहिलं होतं "ओके" आणि पुढे तेच दाखवून तो म्हणाला तुम्ही तर लॉक-इन सोडून दिला होता.

दुसरं म्हणजे या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू नका. डिपॉझिट म्हणजे घराची मोडतोड आणि शेवटचा हिशोब यासाठीची गंगाजळी. घर बघायच्या आधीच त्यातलं अर्धं भाड्यात गेलं तर नंतर नळ, भोकं, रिकामे दिवस हे सगळं कशातून कापणार? तो एकदा गाव सोडून गेला की मागे फिरून कोणी पैसे देत नाही, हा माझा तिन्ही वेळचा अनुभव. भाडं वेगळं मागा, प्रेमाने मागा, पण मागा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. घर ज्या दिवशी सुटतं तो दिवस कागदावर ठरला पाहिजे. माझ्या पहिल्या वेळी त्याने सामान हलवलं पण एक चावी त्याच्याकडेच, एक कपाट आतच, आज येतो उद्या येतो करत सहा आठवडे भिजत घोंगडं. मला ना दुसऱ्याला घर दाखवता येईना ना त्याच्याकडून भाडं मिळेना. तेव्हा एक दिवस ठरवा, दोघं मिळून घर फिरा, प्रत्येक खोलीचे फोटो, मीटरचं रीडिंग, किती चाव्या परत मिळाल्या, काय तुटलंय, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. राहायला आला तेव्हाचे फोटो असतील तर शोधून ठेवा. नसतील तर नळ आधीपासूनच तसा होता असं तो म्हणेल आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही.

आणि नवीन भाडेकरू शोधायला आजपासून लागा, तो जायची वाट बघू नका. त्याच्याकडून लेखी घ्या की शेवटच्या दोन आठवड्यांत आधी कळवून घर दाखवायला येऊ देईन.

पहिलटकर_मालक

ताई मनापासून आभार. उत्तर पाठवलं अगदी तुम्ही सांगितलं तसं. पण मग 4 महिन्यांचं काय? तुम्ही म्हणता नवीन शोधा, पण चूक त्याची असताना शोधाशोध मी का करायची? रिकामं राहू दे आणि भाडं त्याच्याकडून घेऊ दे.

कलमबहाद्दर

इथेच सगळे मालक अडकतात म्हणून मध्ये तोंड घालतो. (वकील नाही, पण करारांचे कागद वाचण्यात हयात गेली.)

करार मोडला म्हणजे तुम्हाला दंड ठोकायचा परवाना मिळाला असं नसतं. नियम देशोदेशी वेगळे आहेत त्यामुळे तुमच्या इथला कायदा आणि तुमचा करार दोन्ही एखाद्या स्थानिक वकिलाला दाखवाच, पण बऱ्याच ठिकाणचं तत्त्व असं की ज्याचं नुकसान झालं त्याने ते वाजवी प्रयत्न करून कमी करायचं. म्हणजे घर रिकामं ठेवून हातावर हात धरून बसलात तर टाळता आलं असतं ते भाडं मागणं अवघड जातं. काही ठिकाणी अजून असंही चालतं की मालकाने काही न करता मुदत संपेपर्यंत भाडं मागावं, पण त्या भरवशावर राहू नका, कारण तिथेही पैसे वसूल व्हायला वेळ आणि खर्च जातोच.

आणि एका महिन्याचं भाडं दोघांकडून घेता येत नाही. नवीन माणूस राहायला आला त्या दिवसापासून जुन्याचं मीटर बंद, फार तर भाड्यात पडलेला फरक तेवढा मागता येईल.

करारात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात, लोक त्यांची खिचडी करतात. लॉक-इन म्हणजे अमुक काळ कोणी सोडायचं नाही. नोटीस म्हणजे सोडताना किती आधी सांगायचं. आणि काही करारांत तिसरं कलम असतं, की लवकर सोडलं तर ठरलेली रक्कम भरा आणि मोकळे व्हा. हे तिसरं तुमच्यात आहे का ते आधी बघा. असेल तर बहुतेक भांडण तिथेच मिटतं, फक्त ती रक्कम नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा असेल तर बऱ्याच ठिकाणी कोर्ट ती पूर्ण मान्य करत नाही. नसेल तर मग खरं नुकसान मोजावं लागेल.

चावी घेताना एक ओळ जरूर लिहा की चावी ताब्यात घेतली, हिशोब बाकी आहे. गुपचूप चावी घेतली आणि घर वापरायला लागलात तर दोघांनी राजीखुशीने करार संपवला असा अर्थ निघू शकतो.

अजून एक, जे मालक मंडळींना ऐकायला आवडत नाही. तो का जातोय ते नीट विचारा. घर राहण्यालायक नसणं, घरात मारहाण होत असणं, सैन्यातली बदली अशा कारणांसाठी काही देशांत कायद्यानेच मध्ये सोडायची मुभा आहे. साधी नोकरीतली बदली सहसा त्यात बसत नाही, पण तुम्ही तीन महिने गळकं छत दुरुस्त केलं नसेल आणि त्याच्याकडे तसे मेसेज असतील तर चित्र उलटं फिरतं.

पहिलटकर_मालक

छत वगैरे काही नाही, घर ठणठणीत आहे. नळाचं त्याने एकदा सांगितलं होतं, मी म्हटलं होतं बघतो. हम्म.

दोन_खोल्या

मग नळ विसरा 😀

फिरस्ता

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आजवर दोनदा करार अर्धवट टाकून घर सोडलंय, दोन्ही वेळा नोकरीमुळे, म्हणजे मीच तो हात जोडलेल्या इमोजीवाला समजा.

त्याने रात्री साडेअकराला मेसेज का टाकला सांगू? घाबरून. फोनवर तुमचा आवाज चढेल म्हणून. आम्हाला माहीत असतं आपली चूक आहे, फक्त आकडा माहीत नसतो. पहिल्या मालकाने मला सांगितलं डिपॉझिट विसर आणि राहिलेले सगळे महिने भर. मी काय केलं? फोन उचलणं बंद केलं, शेवटच्या महिन्याचं भाडं दिलं नाही, एका रविवारी टेम्पो आणून निघून आलो, चावी लेटरबॉक्समध्ये. अभिमान नाही त्याचा, पण इतका मोठा आकडा समोर आला की माणूस हिशोबच सोडून देतो, म्हणतो बुडालोच आहोत तर मग पूर्णच बुडू.

दुसऱ्या मालकीणबाईंनी पहिल्याच फोनला सांगितलं की नवीन माणूस मिळेपर्यंतचं भाडं तुझं, पण जास्तीत जास्त 2 महिने, आणि मिळाला की बाकीचं डिपॉझिट परत. मी स्वतः जाहिरातीसाठी फोटो काढून दिले, लोकांना घर दाखवलं, जाताना खोल्या पुसून गेलो. कारण घर लवकर लागण्यात माझाही फायदा होता ना!

तेव्हा वरची मर्यादा सांगा त्याला. आणि तो मित्र म्हणतोय त्याला भेटून तरी बघा, नाही म्हणायचा हक्क आहेच तुम्हाला.

दोन_खोल्या

फिरस्तांचं पटलं. मित्राबद्दल फक्त एवढंच, मित्र आला तर नवीन करार, नवीन डिपॉझिट, ओळखपत्रं, उत्पन्नाचा पुरावा, जुन्या मालकाला फोन, सगळं पहिल्यापासून. जुन्याच्या नावावर करार तसाच ठेवून आत दुसरा माणूस, असं अजिबात नको, मग भाडं थकलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि नाकारलंत तर का नाकारलं ते लिहून ठेवा. चौकशा किती आल्या, किती जणांना दाखवलं, जाहिरात कधी टाकली, सगळ्याचे स्क्रीनशॉट. उद्या वाद झालाच तर मी हातपाय हलवले होते हे दाखवता यायला हवं.

वाचनमात्र

मध्येच विचारतो, माफ करा. माझा तर न सांगताच गेलाय. तीन आठवडे फोन बंद, भाडं नाही, खिडकीतून एक पलंग आणि खोकी दिसतायत. आत जाऊ का?

कलमबहाद्दर

लगेच नको. गेलाय हे तुम्हाला वाटतंय, कळलेलं नाही. माणूस हॉस्पिटलमध्येही असू शकतो. करारातल्या पत्त्यावर आणि मेलवर लेखी नोटीस पाठवा, करारात दुसऱ्या कोणाचा नंबर असेल तर तिथे विचारा, शेजाऱ्यांना विचारा, वीज वापर चालू आहे का बघा. घर सोडून दिलंय असं धरायची पद्धत आणि मुदत तुमच्या इथल्या कायद्यात असेल, ती पाळा. आत जायची वेळ आली तर साक्षीदार घेऊन जा, व्हिडिओ काढा, सामानाची यादी करा आणि सामान टाकून किंवा विकून देऊ नका, ते काही काळ सांभाळायची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी मालकावरच येते. गॅस गळती किंवा पाणी वाहतंय अशी खरी आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी.

पहिलटकर_मालक

सगळ्यांना अपडेट देतो, दोन महिने उलटले.

तुमचं ऐकून फोन केला. पहिली पाच मिनिटं तो फक्त सॉरी सर सॉरी सर करत होता (फिरस्ता, बरोबर बोललात). तिसरं कलम आमच्या करारात नव्हतं. मग ठरलं असं, की चालू महिन्याचं भाडं वेगळं द्यायचं, ते त्याने दोन दिवसात दिलं, आणि नवीन माणूस येईपर्यंतचं भाडं त्याचं पण 2 महिन्यांच्या वर नाही. मेलवर लिहून घेतलं. मित्राला भेटलो, त्याला फक्त 3 महिन्यांसाठी हवं होतं, नाही म्हटलं. घर महिनाअखेरीस सुटलं, सह्या फोटो रीडिंग सगळं केलं, चाव्या 3 दिल्या होत्या 3 मिळाल्या. नवीन कुटुंब त्यानंतर 23 दिवसांनी राहायला आलं, थोडं कमी भाड्यात.

आता हिशोब तपासा जरा. आकडे सोपे जावेत म्हणून भाडं महिन्याला 100 धरलंय, म्हणजे डिपॉझिट 200. रिकामे 23 दिवस म्हणजे 77. एजंटचं कमिशन 50. नवीन भाडं 96 आहे, लॉक-इनचे राहिलेले 97 दिवस धरून फरक 13. रंगकाम 40. नळ सोडून दिला, भोकं बुजवायचे 3. एकूण 183, म्हणजे त्याला 17 परत. बरोबर?

दोन_खोल्या

नाही हो 🙈 थांबा, पाठवू नका.

रंग आधी कधी काढला होता? आणि 23 दिवसांत रंगाचं काम किती दिवस चाललं?

पहिलटकर_मालक

रंग बऱ्याच वर्षांपूर्वीचा, तसाही काढायचाच होता. काम 5 दिवस चाललं.

दोन_खोल्या

मग रंग तुमचा. राहून राहून भिंती मळतात, गादीखालची फरशी फिकी पडते, दाराची मूठ सैल होते, ही झीज भाड्यातच आली, त्यासाठी डिपॉझिट नसतं. त्याने भिंतीवर तेल सांडलं असतं तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही जुन्या रंगाचे नव्याइतके पैसे नसते मागता आले. ते 5 दिवसही तुमचेच, त्या दिवसांत घर भाड्याने द्यायला तयारच नव्हतं. राहिले 18 दिवस, म्हणजे 60.

कमिशन पूर्ण नाही लावायचं. तो 12 महिने राहून गेला असता तरी तुम्ही एजंटला पैसे दिलेच असते ना, फक्त 7 महिने उशिरा. म्हणून मी 12 पैकी 7 वाटा धरते, 50 चे 29. हा माझा हिशोब हां, करारात काही वेगळं लिहिलं असेल तर ते बघा.

फरकाचे 13 ठीक, कारण नवीन भाडं खरंच बाजारात तेवढंच होतं, तुम्ही मेव्हण्याला स्वस्तात दिलं असतं तर नसते धरता आले. भोकांचे 3 ठीक, पावती जोडा.

60, 29, 13, 3. झाले 105. त्याला 95 परत जातात.

पहिलटकर_मालक

17 चे 95 झाले 😐 म्हणजे मी त्याला चांगलाच लुटत होतो की काय. खरं सांगायचं तर आकडा बघून पोटात दुखलं, पण प्रत्येक ओळीला उत्तर नाही माझ्याकडे.

रोखठोक

तुम्ही लोक फारच सज्जन आहात बुवा. चूक त्याची आणि रंगाचा खर्च मालकाचा.

कलमबहाद्दर

रोखठोक, तो पाच महिने न राहता पंधरा वर्षं राहिला असता तरी रंगाचा खर्च मालकाचाच होता.

पहिलटकर, पैसे पाठवताना ही ओळ न ओळ यादी पावत्यांसकट मेल करा आणि त्याच्याकडून "हिशोब मान्य, काही बाकी नाही" असं उत्तर घ्या. डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं याची मुदत बऱ्याच ठिकाणी ठरलेली असते, ती उलटली तर तुमचीच बाजू लंगडी होते, त्यामुळे आता आणखी ताणू नका.

पहिलटकर_मालक

काल पाठवले. यादी बघून त्याने एकच विचारलं, सर नळाचे का नाही कापले. म्हटलं ते राहू दे.

नवीन करारात तिसरं कलम टाकलंय, लवकर सोडलं तर 2 महिन्यांची नोटीस किंवा तेवढं भाडं, आणि येतानाचे 64 फोटो दोघांच्या मेलवर आहेत. ताई, लॉक-इन यावेळी 6 महिनेच ठेवला, ते बरोबर केलं ना?